नकाशे कपाटात अन् सभासद अंधारात



लागणीचे दिवस जवळ आले की आपल्या कार्यक्षेत्रातल्या पारापारावर एकच प्रश्न ऐकू येतो, "औंदा ऊस कोणत्या वावरात टाकावा?" सांगली-कोल्हापूरकडे या प्रश्नाचे उत्तर बहुधा पाण्याच्या पाळीवर ठरते. आपल्या बाळापूर तालुक्यात ते पाण्याच्या चवीवरही ठरते. दक्षिणेला वाडेगावच्या बाजूला लिंबाच्या बागा उभ्या आहेत. तिथून उत्तरेकडे, उरळ-अंदुऱ्यावरून पूर्णेच्या काठाकडे उतरू लागलो की खारपाणपट्टा लागतो. एकाच तालुक्यात ही दोन टोके आहेत, आणि मधल्या गावांत तर एका धुऱ्याच्या अलीकडे एक पाणी नि पलीकडे दुसरे, अशी गत असते.

यात काय पणाला लागते, ते आधी हिशेबाने पाहू. उसाला हंगामभरात साधारण दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. आपल्याकडे पाऊस पडतो तो सातशे-आठशे मिलिमीटरच्या आसपास. बाकीचे पाणी विहिरीने, बोअरने नाहीतर कालव्याने द्यायचे. आता समजा, विहिरीच्या एका लिटर पाण्यात एक ग्रॅम क्षार आहेत. एवढे पाणी जिभेला फारसे कडू लागत नाही. हे पाणी हंगामात एक हजार मिलिमीटर दिले तर एकरी सुमारे ४० लाख लिटर झाले, आणि त्याबरोबर ४ टन क्षार आपण आपल्या हाताने वावरात टाकले. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत त्यातला बराच भाग पावसाळ्यात धुऊन जातो. आपल्या भारी काळ्या जमिनीत तो तिथेच बसून राहतो. एक पीक बुडाले तर पुढच्या साली भरून काढता येते; जमीन चोपण झाली तर पोराच्या पिढीलाही ती पूर्वीसारखी मिळत नाही.

म्हणून ऊस टाकण्याआधी जमीन आणि पाणी यांची खरी माहिती हाताशी असावी, याबद्दल कोणाचे दुमत नाही. दुमत पुढे होते. पुष्कळ सभासद म्हणतात, "आपल्या शिवाराचा अभ्यास कोणी केलाच नाही." आमचे म्हणणे असे की अभ्यास भरपूर झाला आहे. तो आपल्यापर्यंत पोचलेला नाही, आणि पोचत नाही याचे मोठे कारण असे की तो दहा ठिकाणी विखुरला आहे आणि कुठे काय ठेवले आहे याची एक यादी कोणाजवळच नाही.

कोणाकडे काय आहे ते पहा. आपल्या विहिरींच्या पाणीपातळीची नोंद भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठेवते. ही राज्याची यंत्रणा १९७२ पासून काम करते आणि ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. केंद्रीय भूजल मंडळही मोजते. पण त्याच्या विहिरी वेगळ्या आणि मोजणीचे महिनेही सगळे जुळत नाहीत. जमिनीचे नकाशे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोकडे. उपग्रहाच्या चित्रांवरून केलेले नकाशे नागपूरच्याच महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे आणि हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडे. पावसाचे आकडे महसूल मंडळनिहाय कृषी खात्याकडे, जुने आकडे हवामान खात्याकडे. गटाचा नकाशा भूमी अभिलेखाकडे. कालव्याचे पाणी जलसंपदा खात्याकडे. आणि १९६९ साली स्थापन झालेल्या आपल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात पूर्णा खोऱ्याच्या जमिनीवर विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रबंध. एवढ्या दारांत फिरायचे म्हटले तर शेतकऱ्याची लागण व्हायची तशीच राहील!

कोणी म्हणेल, आता सगळे संगणकावर आहे, मोबाइलवर शोधा. शोधून पहा. "पूर्णा" असा शब्द टाकला की आपली पूर्णा येते, तशी गोदावरीला मिळणारी मराठवाड्यातली पूर्णाही येते. येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे त्या पूर्णेवर, वसमतचा पूर्णा सहकारी साखर कारखानाही तिकडचाच. गुजरातेत नवसारीकडे आणखी तिसरी पूर्णा आहे. "बाळापूर" टाकले तर हिंगोली जिल्ह्यातले आखाडा बाळापूर पुढे येऊन उभे राहते. म्हणजे बाळापूर आणि पूर्णा ही दोन्ही नावे एकत्र टाकली, तरी आपण हिंगोलीत जाऊन पोचण्याचा संभव! त्यात इंग्रजीत गावांची नावे प्रत्येक खात्याने आपापल्या मनाने लिहिलेली. सातबाऱ्यावर एक स्पेलिंग, अहवालात दुसरे. माहिती असते, पण हाका मारून ओ देत नाही.

आकडे जुळत नाहीत ही दुसरी अडचण. खारपाणपट्ट्यात गावे किती, या साध्या प्रश्नाचे उत्तर घ्या. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या १६ तालुक्यांत ८९४ गावे, असा आकडा वर्षानुवर्षे छापला जातो. २०१८ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने पूर्णा खोऱ्यातली क्षारपड गावे धरली ती ९३२. दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येने बरोबर असतील. परंतु आपले गाव एका यादीत आहे आणि दुसरीत नाही, असे झाले तर सभासदाने काय समजायचे? यादीबरोबर ती कोणी, कधी, कशावरून केली हे लिहिलेले नसेल, तर तो कागद शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही.

तिसरी अडचण सर्वांत धोक्याची आहे, म्हणून ती नीट समजून घ्यावी. २०१५ पासून आपल्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्या. त्यात बारा गोष्टी तपासून लिहितात. सामू आणि विद्युत वाहकता त्यांतल्याच. उसाबद्दल पुस्तकांत असे दिलेले असते की जमिनीची विद्युत वाहकता १.७ च्या वर गेली की उतारा घटू लागतो आणि पुढे दर एककाला शेकडा सहाच्या आसपास घट येते. सभासद पत्रिका काढतो, तिच्यावर ०.७ पाहतो आणि म्हणतो, "आपलं तं झकास आहे." पण पुस्तकातला आकडा संपृक्त चिखलातून काढलेल्या पाण्याचा आहे, आणि प्रयोगशाळेत बहुधा एक भाग मातीत दोन किंवा अडीच भाग पाणी घालून मोजतात. जास्त पाण्यात क्षार पातळ होतात, म्हणून पत्रिकेवरचा आकडा लहान दिसतो. दोन्ही आकडे खरे असून त्यांची तुलना चुकीची ठरते. शिवाय पत्रिकेचा नमुना वरच्या वीतभर मातीचा असतो, ओलिताखाली तो अडीच हेक्टरांच्या चौकोनाला एक या हिशेबाने घ्यायचा असतो, आणि त्या बारा गोष्टींत सोडियम नाही. आपल्या जमिनीचे दुखणे तर बहुतेक खालच्या थरातल्या सोडियमचेच!

आणि या दुखण्याचा अभ्यास झालेला आहे. पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनी का बिघडतात, याचा नागपूरच्या शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास १९९६ साली 'लँड डिग्रेडेशन अँड डेव्हलपमेंट' या परदेशी नियतकालिकात छापून आला. त्याचा मथितार्थ असा की इथल्या कोरड्या हवामानात जमिनीत चुना साचत जातो, त्यामुळे खालच्या थरात सोडियमचे प्रमाण वाढते आणि पाणी मुरणे मंदावते. बाहेरच्या पुस्तकांत शंभरात १५ भाग सोडियम झाले म्हणजे जमीन चोपण धरतात. आपल्याकडच्या जमिनीत ते ५ च्या आसपास गेले तरी निचऱ्यावर वाईट परिणाम होतो, असे या संशोधनातून पुढे आले. उसासाठी वावर निवडताना याहून मोलाची गोष्ट कोणती? पण ती इंग्रजीत, परदेशी नियतकालिकात. नमुने आपल्या शिवारातले, पगार आपल्या करातला, आणि उत्तर मात्र आपल्याला ठाऊक नाही.

जुन्या काळातही असेच होते. पूर्णेकाठच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढीत, याच्या नोंदी इंग्रजी अमदानीतल्या वऱ्हाडच्या गॅझेटिअरांत आहेत. पहिले गॅझेटिअर १८७० चे आणि अकोला जिल्ह्याचे १९१० चे. म्हणजे दीडशे वर्षांपासून सरकारदप्तरी हे ठाऊक आहे. नकाशांची तऱ्हाही तीच. सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकाप्रमाणे आपला मुलूख ५५ डी या चौकटीत पडतो. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर या प्रमाणाच्या नकाशांत बाळापूर शहर एका पत्रकाच्या पार पश्चिम कडेला येते आणि उत्तरेची गावे वेगळ्या पत्रकावर जातात. एका तालुक्याचे चित्र पहायला शेजारशेजारची पत्रके जुळवून बसावे लागते. हे साहेबलोकांना जमते. तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, दारात ताटकळणाऱ्या शेतकऱ्याला जमत नाही.

सरकारी धोरण आता आपल्या बाजूचे आहे, हे मात्र सांगितले पाहिजे. पूर्वी नकाशा म्हणजे गुप्त वस्तू मानली जाई. २००५ च्या नकाशा धोरणाने लष्करी नकाशे वेगळे आणि जनतेसाठी वेगळे केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने परवानग्यांची कटकट बरीच काढून टाकली, आणि डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने सरकारी पैशातून तयार झालेली अशी माहिती सर्वांना सहज मिळाली पाहिजे हे तत्त्व मान्य केले. मोकळीक दिली म्हणजे काय होते, याचे उदाहरण अमेरिकेने दाखविले आहे. त्यांचा पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ सालचा. त्याची चित्रे विकत मिळत तोवर वर्षाला काही हजार खपत. २००८ साली ती फुकट केली, तेव्हा थोड्याच वर्षांत मागणी लाखांवर गेली. माहिती तीच होती. कुलूप काढले एवढेच.

आज युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रे फुकट मिळतात आणि साधारण दर पाच दिवसांनी नवे चित्र येते. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर १० मीटर लांब नि १० मीटर रुंद तुकडा, बरोबर एक आर, आपल्या बोलीत एक गुंठाच. एका एकराचे चाळीस ठिपके. पावसाळ्यात ढग आडवे येतात हे खरे, पण उन्हाळ्यात कोणता फड हिरवा आहे आणि कोणत्या कोपऱ्यात पीक पिवळे पडले, एवढे त्यावरून कळते. मात्र ते पिवळे खताअभावी की क्षारामुळे, हे उपग्रह सांगत नाही. ते जमिनीच्या आणि पाण्याच्या नोंदी शेजारी ठेवल्यावरच उलगडते. म्हणूनच विखुरलेले कागद एका जागी हवेत.

हे काम कोणी करायचे? आमचे स्पष्ट मत आहे की कारखान्याने. एकट्या शेतकऱ्याच्या चार गाड्या उसाची साखर होत नाही. सगळ्यांचा ऊस एका गव्हाणीवर आला तेव्हा सहकारी कारखाने उभे राहिले. माहितीलाही तोच न्याय लावावा. १९७५ साली महाराष्ट्रातल्या सहकारी कारखान्यांनी आणि ऊस उत्पादकांनी मिळून पुण्याजवळ मांजरीला साखर संस्था उभी केली, जिला आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणतात. संशोधन एकत्र करता येते, तर झालेल्या संशोधनाची यादी एकत्र करणे त्यामानाने किती सोपे!

आम्ही चार गोष्टी सुचवितो.

पहिली, कारखान्याच्या शेती विभागात एक सूची-वही ठेवावी. संगणकावर ठेवावी आणि छापूनही ठेवावी. कार्यक्षेत्रातल्या जमीन, पाणी, पाऊस आणि पिकासंबंधी जो जो नकाशा, अहवाल वा प्रबंध असेल, त्याची एकेक ओळ तिच्यात यावी. काय आहे, कोणत्या गावांचे, कोणत्या सालचे, कोणत्या प्रमाणाचे, कोणत्या पद्धतीने मोजलेले, कोणाकडे आहे, फुकट की विकत, आणि मागायचे कसे. मूळ कागद जिथे आहे तिथेच राहू द्या. ठावठिकाणा आपल्याकडे हवा. प्रबंधांपैकी पुष्कळसे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या 'कृषिकोश' संग्रहात संगणकावर पहायला मिळतात. सुरुवात तिथूनच व्हावी.

दुसरी, प्रत्येक ओळीला गावाचा सरकारी संकेतांक जोडावा. नावात घोळ होतो, संकेतांकात होत नाही. मग आपले बाळापूर आपलेच राहील. पुढे कारखान्याच्या ऊस नोंदीतला गट नंबर त्याला जोडता येईल.

तिसरी, प्रत्येक नोंदीखाली साध्या मराठीत चार ओळींचा सारांश असावा: यात काय सापडले, आणि उसाच्या सभासदाने त्यावरून काय करावे. म्हणजे जिप्सम कुठे लागेल, चर कुठे काढावे, फुले २६५ सारखा क्षार सोसणारा वाण कुठे घ्यावा, आणि कुठे ऊस मुळीच घेऊ नये. शेवटचे कारखान्याला सांगायला जड जाईल. पण खाऱ्या वावरात ऊस टाकायला लावून एका गळीताची भरती करण्यापेक्षा हरभऱ्यावर ठेवलेला सभासद कारखान्याला पुढची वीस वर्षे कामाचा.

चौथी गोष्ट हक्काची. आपल्या वावरात माती आणि विहिरीत पाणी तपासायला जो येईल, मग तो विद्यापीठाचा विद्यार्थी असो, खात्याचा माणूस असो वा खाजगी कंपनीचा, त्याला आपण अगत्याने बसवतो, चहा पाजतो, नमुना देतो. यापुढे एक अट घालावी: नमुना न्या, निष्कर्ष द्या. अहवालाची एक प्रत कारखान्याच्या सूचीत जमा झालीच पाहिजे. आणि सरकारी पैशातून झालेले काम कोणी दाखवीत नसेल, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच.

यावर आक्षेप येतील. "पाणाड्या आहे नं बाप्पा, त्याला विचारू," असे काही म्हणतील. पाणाड्याचा अनुभव आम्ही कमी लेखत नाही. पण तो पाणी आहे की नाही हे सांगेल, त्यात क्षार किती नि सोडियम किती हे सांगणार नाही. कोणी खर्चाचे विचारील. नवे सर्वेक्षण करायला पैसा लागतो. झालेल्या कामाची यादी करायला शेतीचा एक जाणता पदवीधर, एक टेबल आणि पत्रव्यवहार लागतो. एक फसलेले बोअर जेवढे महाग पडते, त्याच्याशी हा खर्च ताडून पहावा.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. "आमच्या वावराची सगळी कुंडली मांडली, आणि ती सावकाराच्या, व्यापाऱ्याच्या, नाहीतर जमीन घेणाऱ्याच्या हाती गेली तर?" ही भीती खोटी नाही. अमुक गट चोपण आहे हे बाहेर पडले तर त्याचा भाव पडू शकतो. म्हणून रेघ स्वच्छ आखावी. गावाच्या पातळीवरची आणि सरकारी पैशातून गोळा झालेली माहिती सर्वांना खुली. एकेका सभासदाचा उतारा, येणे-देणे आणि माती-पाण्याचा तपास त्याच्या संमतीवाचून कोणालाही नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही संमतीवरच आहे. ही रेघ ठरावातच लिहून घ्यावी, म्हणजे पुढे कोणा कारभाऱ्याच्या मर्जीवर ती राहणार नाही.

वऱ्हाडात ऊस हे कपाशीसारखे मुरलेले पीक नव्हे. इथे त्याला पाणी जपून, जमीन पारखूनच वाढवावे लागेल. पश्चिम महाराष्ट्रात सुपीक मळे अति पाण्याने क्षारपड झाले, ते बरेचसे चुकून कळले. आपल्याला चुकून शिकण्याइतकी गोड्या पाण्याची सवड नाही. आपल्याकडे शिलकीत एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आपल्या मुलखाविषयी आधीच लिहून ठेवलेले ज्ञान. ते हुडकून एका ठिकाणी मांडणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.

तरी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत वरील चार सूचनांचा ठराव मांडावा अशी आमची संचालक मंडळास विनंती आहे. ठरावाला सूचक-अनुमोदक म्हणून खारपाणपट्ट्यातल्या एका आणि गोड्या पाण्याच्या भागातल्या एका सभासदाने उभे रहावे. आणि तोवर प्रत्येक सभासदाने एक करावे: घरच्या ट्रंकेत, माळ्यावर माती-पाणी तपासणीचा जुना-नवा जो कागद असेल, तो हुडकून त्याची नक्कल आपल्या गटाच्या शेती कार्यालयात द्यावी. सूचीची पहिली ओळ आपल्याच घरातून निघू द्या.